कनेक्टची एक ओळ पुरते

मा. महासंचालक,
सर्ट-इन, नवी दिल्ली यांस,



मी एका महाविद्यालयाचं नेटवर्क सांभाळतो. सर्व्हर रूममध्ये जुना स्क्विड प्रॉक्सी आहे आणि त्याच्या लॉगशी माझी रोजची उठबस. २८ एप्रिल २०२२ च्या सायबर-सुरक्षा निर्देशांत आपण लॉग १८० दिवस जपायला सांगितलंत, ते बरं झालं. आधी डिस्क भरली की पुसून मोकळे व्हायचो.

तक्रार दुसरीच आहे. ब्राउझरला एचटीटीपीएसची साइट हवी असली की तो प्रॉक्सीला 'कनेक्ट' म्हणतो आणि साइटचं नाव व ४४३ हा पोर्ट सांगतो. प्रॉक्सी पलीकडे जोडणी लावून देतो नि मग बाइट नुसते इकडचे तिकडे करतो. आत काय आहे ते त्याला दिसत नाही. लॉगात एक ओळ पडते: वेळ, कुठलं मशीन, कुठली साइट, किती बाइट. माग काढायला मला बहुतेक वेळा एवढंच लागलं आहे.

दुसरा मार्ग मध्ये बसून जोडणी उघडण्याचा. प्रत्येक मशीनवर संस्थेचं रूट प्रमाणपत्र घालायचं. मग प्रॉक्सी हव्या त्या साइटच्या नावाचं प्रमाणपत्र जागच्या जागी बनवून ब्राउझरला देतो. कुलपाचं चिन्ह जागेवरच असतं. प्रमाणपत्र कुणी दिलंय हे मुद्दाम उघडून पाहिलं, तरच बँकेच्या पानावर संस्थेचं नाव दिसतं. कोण पाहतं?

आधीच्या एका नोकरीत हे वरच्यांच्या फर्मानावरून चालू झालं. कारण सांगितलं, ''सर्ट-इनला पूर्ण लॉग लागतात.'' पत्त्यातला प्रश्नचिन्हापुढचा भाग लॉगात न लिहिण्याची सोय स्क्विडमध्ये मुळातच चालू असते. तीही बंद करायला लावली. आठवड्याभरानं भलतंच काही शोधताना एका ओळीवर नजर अडकली. कुणाच्या तरी रक्ततपासणीच्या अहवालाची लिंक, लांबलचक टोकनसकट. चिकटवून एंटर दाबायचा अवकाश, अहवाल समोर. मी दाबला नाही. पण ती फाइल वाचू शकणारे आम्ही चौघे होतो, बॅकअप वेगळा, आणि ती ओळ १८० दिवस तिथे मुक्कामाला होती. आपल्या नावावर.

तिथलीच आणखी एक गंमत. काही साइट उघडेनात म्हणून कुणीतरी प्रमाणपत्राच्या सगळ्या चुका माफ करून टाकल्या होत्या. मी बॅडएसएसएल डॉट कॉमवरचं मुदत संपलेल्या प्रमाणपत्राचं पान लावून पाहिलं. एरवी ब्राउझर आकांडतांडव करतो. इथे पान निमूटपणे उघडलं, कारण प्रॉक्सीनं त्यावर स्वतःचं ताजं प्रमाणपत्र चढवलं होतं. २०१५ मध्ये लेनोवोच्या लॅपटॉपवरचं सुपरफिश हे असंच मध्ये बसणारं सॉफ्टवेअर उघडकीला आलं, त्याचा घोळ याच जातीचा: सगळ्या मशीनवर एकच खासगी किल्ली, आणि तिचा पासवर्ड काय, तर ज्या कंपनीची ती करामत तिचंच नाव, 'कोमोडिया'.

मालवेअरही आता एचटीटीपीएसमधूनच येतं, हे मान्य. त्यासाठी कुणाला जोडण्या उघडायच्याच असतील तर बँका आणि दवाखाने न उघडता सोडावेत, स्क्विडला ते जमतं. पत्त्याची शेपटी लॉगात लिहू नये. आणि मशीनवर बसणाऱ्याला लॉगिन करतानाच तसं सांगावं. प्रवेश-अर्जाच्या बाराव्या पानावर नव्हे.

निर्देशांनंतर मे २०२२ मध्ये आपण प्रश्नोत्तरं काढली होतीत. त्यांत एक प्रश्न वाढवा: १८० दिवसांच्या लॉगसाठी प्रॉक्सीनं कूटबद्ध जोडणी उघडणं बंधनकारक आहे का? उत्तर एका शब्दाचं असलं तरी चालेल. त्याची प्रत काढून मी सर्व्हर रूमच्या दारावर लावीन. पुढचं फर्मान घेऊन कुणी आलंच, तर बोट दाखवायला कागद हवा.

आपला,
एक नेटवर्कवाला