कोयत्याला मोटार का बसत नाही? बीडच्या ऊसतोड कामगारांच्या हातातल्या अवजाराची गोष्ट

खांद्याला पट्टा, हातात लांब दांडा आणि टोकाला गरगर फिरणारं दातेरी पातं. माणूस सरीतून चालत जातो आणि ऊस एका बाजूला आडवा होत जातो. असे व्हिडिओ सोशल मीडियावर वरचेवर फिरतात. खालच्या कमेंट्सचा सूरही ठरलेला असतो, की हे यंत्र बीडच्या ऊसतोड कामगारांना देऊन टाका, कोयता कायमचा सुटेल.

मग ते दिलं का जात नाही? ड्रिलला मोटार आली, करवतीला आली, अगदी खिडकीच्या फटीत सिलिकॉन भरायच्या गनलाही आली. कोयता मात्र आजोबांच्या हातात होता तसाच नातवाच्या हातात आहे. कामगार जुन्या वळणाचे आहेत म्हणून असं झालं, हे उत्तर सोपं आहे आणि चुकीचंही. खरी अडचण यंत्र कशासाठी बनवायचं, यातच आहे.

सिलिकॉन गनला जमलं ते कोयत्याला का नाही?

हाताच्या अवजाराला मोटार कधी सहज बसते, हे समजायला सिलिकॉन गन हे चांगलं उदाहरण आहे. काच आणि ॲल्युमिनियमच्या खिडक्या बसवणारे कारागीर ती वापरतात. साधारण ३०० मिलीची नळी गनमध्ये बसते आणि मागून दट्ट्या तिला रेटतो. आतलं सीलंट घट्ट असतं, त्यामुळे जोर बराच लागतो. साध्या गनमध्ये बोटांचा जोर १२ पट होऊन दट्ट्यावर पडतो, भारी गनमध्ये १८ ते २६ पट. तरीही दिवसभर चाप दाबून मनगट आणि अंगठा भरून येतो.

बॅटरीवरच्या गनमध्ये दट्ट्या मोटार आणि गिअर ढकलतात. बोटाने फक्त वेग ठरवायचा. चाप सोडला की दट्ट्या किंचित मागे सरकतो, म्हणजे नळीच्या तोंडातून माल गळत नाही.

हे जमलं, कारण काम एकच आहे आणि तेही सरळ रेषेतलं. नळीचं माप सगळीकडे जवळपास सारखं. शिवाय ताकद कमी लागते. २० व्होल्ट, ४ अँपिअर-तासांच्या बॅटरीत ८० वॉट-तास ऊर्जा मावते. एक नळी रिकामी करायला जेमतेम एक वॉट-तास लागतो. म्हणजे एका चार्जिंगमध्ये कारागिराचा दिवस आरामात निघतो.

आता तीच बॅटरी उसाच्या फडात नेऊन पाहा. फिरत्या पात्याला ५०० वॉटची मोटार लावली आणि ती पूर्ण जोराने चालली, तर ८० वॉट-तास दहा मिनिटांत संपतात. पाठीवर मोठी बॅटरी बांधता येते, पण ती चार्ज कुठे करणार? टोळ्या कारखान्याच्या तळावर किंवा शेताच्या कडेला कोप्या घालून राहतात आणि तिथे दिव्याचीच मारामार असते. त्यामुळे व्हिडिओत दिसतात ती बहुतेक यंत्रं पेट्रोलची असतात. म्हणजे गवत कापायचा ब्रश कटर आणि त्याला उसासाठी बसवलेलं पातं.

कोयता नेमकं काय काय करतो?

ऊसतोडणी या शब्दात फक्त तोडणं ऐकू येतं, पण एका उसामागे कामं अनेक असतात. बुडख्यातून तोड घालायची. पाचट काढायचं. शेंड्याकडचं वाढं छाटायचं. मोळी बांधायची. मग ती डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत न्यायची आणि रचायची.

बुडखा जमिनीलगतच तुटावा लागतो. साखर सगळ्यात जास्त तिथेच असते, आणि खोडकी उंच राहिली तर पुढचा खोडवाही नीट फुटत नाही. वर छाटलेलं वाढं वाया जात नाही. ते बैलांना जातं, उरलेलं चारा म्हणून विकून टोळीला रोजच्या भाजी-मिठाचे पैसे सुटतात. पाचट काढताना पानांची कूस आणि कडा हातात घुसतात.

हे सगळं एकाच कोयत्याने होतं. त्याचं पातं तोडतं, पाचट सोलतं आणि वाढंही उडवतं. किंमत काही शे रुपये, धार लावायला एक दगड पुरतो. डिझाइनच्या भाषेत बोलायचं तर हे बहुउपयोगी, दुरुस्तीला सोपं आणि इंधनाशिवाय चालणारं अवजार आहे. त्याच्याशी स्पर्धा करणं सोपं नाही.

बीडमध्ये 'कोयता' हा शब्द माणसांसाठीही वापरतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल ठरते ती कोयत्यावर, टोळी मोजली जाते कोयत्यांत. दिवाळीच्या आगेमागे धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी या भागांतून हे कोयते सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर आणि कर्नाटकाकडे निघतात. परत येईपर्यंत उन्हाळा लागलेला असतो.

एक साधा हिशेब मांडू. एका कोयत्याने दिवसात दोन टन ऊस तोडला आणि एक ऊस सरासरी सव्वा किलोचा धरला, तर दिवसाला १,६०० ऊस होतात. म्हणजे १,६०० वेळा वाकून तोड, तितक्याच वेळा पाचट आणि तितक्याच वेळा वाढं. आणि शेवटी तोच दोन टन माल डोक्यावरून गाडीत.

मोटार आली तर कुणाचं काम कमी होईल?

व्हिडिओत न दिसणारी गोष्ट इथे आहे. ब्रश कटर या साखळीतलं पहिलं, फक्त बुडखा तोडण्याचं काम करतो. टोळीत हे काम साधारणपणे पुरुषाकडे असतं. पाचट काढणं आणि मोळी बांधणं बहुतेक वेळा बाईकडे, वाहणं दोघांकडे. तोडणीचा वेग दुप्पट झाला तर पुरुष उभ्याने, न वाकता काम करेल. बाईसमोर मात्र तेवढ्याच वेळात दुप्पट ऊस पडलेला असेल.

बीडमध्ये ही बारीकसारीक गोष्ट नाही. २०१९ मध्ये जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय देशभर गाजला. तेव्हा डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली, म्हणजे साधारण दर सहा महिलांमागे एकीची. यामागे एकच कारण नव्हतं. खाडा पडला की कापला जाणारा पैसा, फडावर संडास-न्हाणीची सोय नसणं, अंगावर काढलेलं दुखणं, कर्करोगाची दाखवलेली भीती, खासगी दवाखान्यांचा धंदा, हे सगळं त्यात होतं. पण रोजची जड ओझी आणि दिवसभरचं वाकणं हेच या बायकांच्या कामाचं रूप आहे. नवं अवजार ते ओझं कमी करणार की वाढवणार, हा पहिला प्रश्न असायला हवा. व्हिडिओ तो विचारत नाहीत.

फडात आणखी काय अडतं?

पेट्रोलच्या ब्रश कटरचं वजन साधारण आठ ते बारा किलो. ते पेलत सात-आठ तास हादरे सोसायचे, हा काही आराम नव्हे. अशा यंत्रांच्या माहितीपुस्तकात दुसऱ्या माणसाने १५ मीटर लांब राहावं, असं लिहिलेलं असतं, कारण पात्याला लागून दगड किंवा बुडखा उडतो. टोळीत तर कोयते शेजारी शेजारी पात धरून चालतात, आणि पाळणाघर नसल्याने लेकरंही तिथेच पाचटात खेळत असतात. १५ मीटर आणायचे कुठून?

वाऱ्यापावसाने लोळलेला ऊस हे वेगळंच प्रकरण. उभ्या उसात पातं सुरेख चालतं. एकमेकांत गुंतलेल्या, आडव्या उसात मात्र बुडखा आधी हाताने शोधावा लागतो. व्हिडिओतला ऊस बहुधा उभाच असतो, हे पुढच्या वेळी बघून घ्या.

यंत्राचे पैसे कोण देणार?

जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली आणि टनाला सुमारे २७३ रुपयांवरून दर ३६६ रुपयांवर गेला. दोन टनांचे ७३२ रुपये होतात, तेही दोन माणसांचे. त्यातून हंगामाआधी घेतलेली उचल फेडायची असते आणि ती अनेकदा लाखाच्या घरात असते. अशा जोडीने दहा-वीस हजारांचं यंत्र घ्यायचं, तर त्यासाठी मुकादमाकडून आणखी उचल घ्यावी लागेल. लिटरला शंभरच्या वर गेलेलं पेट्रोल वेगळं. यंत्र फडात बंद पडलं तर तो खाडा कुणाच्या नावावर, हेही आधी ठरवावं लागेल.

सरकारने पैसे दिले आहेत, पण दुसऱ्या टोकाला. २०२३ मध्ये राज्याने राष्ट्रीय कृषी विकास योजनेतून ९०० मोठ्या ऊसतोडणी यंत्रांसाठी सुमारे ३२१ कोटी रुपयांचा कार्यक्रम मंजूर केला. किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख, यातलं जे कमी ते अनुदान. हे हार्वेस्टर कोटीच्या घरातले असतात. त्यांना चार-पाच फुटांची रुंद सरी आणि वळायला मोठं शेत लागतं. तुकड्या-तुकड्यांच्या जमिनीत ते अडतात. यंत्राच्या उसात पाचट आणि माती येते म्हणून कारखाने वजनात कपातही करतात, आणि त्यावर शेतकरी नाराज आहेत.

तरीही हार्वेस्टर वाढणार, हे दिसतंय. ऑस्ट्रेलियात १९७० चं दशक संपेपर्यंत जवळपास सगळी तोडणी यंत्रावर गेली होती. पण ऑस्ट्रेलियात तोडकऱ्याला दुसरं काम होतं. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात कोरडवाहू दोन-तीन एकर असणाऱ्या घराकडे काय आहे? कोयता सुटावा, असं म्हणणारा कामगारही तो उद्याच सुटला तर घाबरेल.

म्हणून हातातलं सुधारित अवजार हा मधला मार्ग खरोखर महत्त्वाचा आहे. रोजगार टिकतो आणि कष्ट कमी होऊ शकतात. होतीलच असं मात्र नाही. टनावर मजुरी असेल आणि यंत्राने वेग वाढला, तर कारखाना कमी टोळ्यांत भागवेल किंवा पुढच्या करारात दरवाढीला हात आखडता घेईल.

मग डिझाइन कुठून सुरू करायचं?

एल साल्वाडोरमध्ये उसाच्या फडात काम करणाऱ्यांना उष्णतेमुळे होणाऱ्या किडनीच्या आजाराने पछाडलं होतं. तिथे एका प्रयोगात कामगारांना पाणी, सावली आणि ठरलेली विश्रांती दिली गेली. सोबत हाताला बरा बसणारा, कमी वाकवणारा सुधारित कोयता दिला. मोटार कशालाच नव्हती. तरी माणशी रोजची तोडणी ५.१ टनांवरून ७.३ टनांवर गेली. तिथे ऊस जाळून तोडतात, त्यामुळे पाचट नसतं. म्हणून आकडे बीडशी थेट ताडता येणार नाहीत. पण दांड्याची लांबी आणि वळण बदलणं हेही डिझाइनच आहे, हे यातून कळतं.

आपल्याकडेही कृषी संशोधन संस्थांच्या महिलांसाठीच्या अवजारांच्या याद्यांमध्ये उसाचं पाचट काढायचं साधं हातअवजार आहे. ते टोळीपर्यंत पोचवणारी साखळी मात्र दिसत नाही. फडात येणारी प्रत्येक वस्तू मुकादम किंवा कारखान्यामार्फत येते आणि कृषी विभागाच्या योजना सातबारा असलेल्याला मिळतात. ऊस ज्याचा, त्याला अनुदान. तोडणारा त्या अर्जात बसतच नाही.

आणि मोटार लावायचीच असेल, तर ती हातातच का हवी? सगळ्यात जड काम शेवटचं आहे. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढणं. ट्रॉलीला जोडलेला ट्रॅक्टर तिथे उभाच असतो, त्याचं इंजिन आणि हायड्रॉलिकही तयार असतं. मोळी उचलून वर देणारा साधा पाळणा त्यावर चालू शकतो. बॅटरीचा प्रश्न नाही, १५ मीटरचं अंतर नाही, आणि खर्च जोडीवर न पडता वाहतूकदारावर किंवा कारखान्यावर पडतो. उसाला यांत्रिक लोडर लावणं जगात नवीन नाही. इथे गरज आहे ती मोळीच्या मापाच्या छोट्या लोडरची.

पैशाची वाटही आहे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनाला १० रुपये आणि सरकारकडून तेवढीच रक्कम, अशी रचना ठरली आहे. २०२३-२४ च्या हंगामात राज्यात १० कोटी टनांहून जास्त ऊस गाळला गेला. त्या हिशेबाने एकट्या कारखान्यांचा वाटा वर्षाला १०० कोटींच्या वर जातो. मुलांची वसतिगृहं आणि विमा यावर तो खर्च व्हायलाच हवा. पण त्यातला थोडा भाग अवजारावर लावायला, आणि नमुना कारखान्याच्या आवारात न तपासता पाटोद्याच्या किंवा धारूरच्या टोळीबरोबर पूर्ण हंगाम तपासायला, अडचण कसली?

साखर संघ आणि कामगार संघटनांमधल्या वाटाघाटींत चर्चा होते ती दराची आणि मुकादमाच्या कमिशनची. टनाच्या एकाच दरात तोडणं, सोलणं, बांधणं आणि भरणं सगळं येतं. तोडणीला उद्या मोटार आली, तर पाचट आणि मोळीच्या कामाचा दर वेगळा धरायचा का, आणि तो कुणाच्या खात्यात जमा करायचा, हे तिथेच ठरवावं लागणार आहे.