गाडी आली, मैदान कोठे आहे?

हीरो मोटोकॉर्प या देशातील अग्रगण्य दुचाकी-उत्पादक कंपनीने २०२५ सालाच्या अखेरीस चार ते दहा वर्षे वयाच्या मुलांसाठी विजेवर चालणारी, मातीच्या वाटेवर पळवावयाची छोटी मोटारसायकल बाजारात आणली. तिची किंमत सत्तर हजार रुपयांच्या घरात होती. आजवर परदेशी चित्रफितींत पाहावयाची ही वस्तू आता देशी दुकानात, मासिक हप्त्यांच्या आवाक्यात आली आहे. शिक्षकाच्या किंवा कारकुनाच्या घरीही वाढदिवस जवळ आला की तिची मागणी होऊ लागेल, यात नवल नाही. म्हणूनच ही खरेदी केवळ हौसेची बाब न मानता तिचा साधकबाधक विचार व्हावयास हवा.

मुलांची हौस पुरवूच नये, असे कोणी म्हणणार नाही. वेगाची ओढ ही बालपणाची सहजप्रवृत्ती आहे आणि तिला शिस्तीची जोड लाभली, तर तिचे क्रीडाकौशल्यात रूपांतर होते. डकार ही जगातील अत्यंत खडतर शर्यत पूर्ण करणारा पहिला भारतीय होण्याचा मान २०१५ साली सी. एस. संतोष यांनी मिळवला. जानेवारी २०२४ मध्ये पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात सुपरक्रॉसच्या शर्यतीही झाल्या. शिवाय विजेच्या गाडीचे काही गुण निर्विवाद आहेत. पेट्रोल नाही, धूर नाही, तापलेल्या सायलेन्सरने पाय पोळण्याची भीती नाही. आणि वेगाची मर्यादा पालकांना आधीच ठरवून देता येते.

परंतु या गुणांच्या पोटातच तिचे दोषही आहेत. विजेच्या मोटारीत मूठ पिळताक्षणीच पूर्ण जोर चाकाला मिळतो. क्लच सोडण्याचा आणि गिअर बदलण्याचा जो अवधी शिकाऊ हाताला सावध करतो, तो येथे मिळत नाही. गाडीला आवाज नसल्याने समोरून येणाऱ्या वृद्धाला वा रांगणाऱ्या मुलाच्या आईला तिची चाहूलही लागत नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००० सालीच सोळा वर्षांखालील मुलांना अशा आडवाटेच्या स्वयंचलित वाहनांचा विशेष धोका असल्याचा इशारा दिला होता. तो प्रामुख्याने इंजिनाच्या मोठ्या वाहनांना उद्देशून होता हे खरे. तथापि मुलाचा तोल, त्याची निर्णयशक्ती आणि त्याच्या मनगटातील बळ ही इंधन बदलल्याने बदलत नाहीत.

कायद्याविषयी तर मोठाच गैरसमज रूढ आहे. '२५० वॅट आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतील गाडीला लायसन्स लागत नाही,' एवढेच वाक्य ग्राहकाच्या कानी पडते. ही सवलत वजन, ब्रेक आणि अधिकृत चाचणी यांच्या अटींनी बांधलेली आहे, हे मात्र सांगितले जात नाही. सवलतीत न बसणारी गाडी मोटार वाहनच ठरते. आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीला सार्वजनिक ठिकाणी ते चालवता येत नाही. अपवाद सोळा वर्षांपुढील मुलांसाठी, तोही ५० सीसीपर्यंतच्या इंजिनाचा. 'सार्वजनिक ठिकाण' म्हणजे केवळ डांबरी रस्ता नव्हे. जेथे जनतेला प्रवेशाचा हक्क आहे, अशी कोणतीही जागा या व्याख्येत येते. २०१९ च्या दुरुस्तीने अल्पवयीनाच्या अपराधाबद्दल पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड अशी शिक्षा ठेवली आहे. अपराध आपल्या नकळत घडला हे सिद्ध करणाऱ्यास त्यातून सुटका आहे. पण स्वतःच्या हाताने किल्ली दिलेल्या पित्याने ते कसे सिद्ध करावे?

मग ही गाडी चालवावयाची कोठे? खरा प्रश्न हाच आहे. शहरातील सोसायटीच्या आवारात मोटारी उभ्या असतात. शाळेचे मैदान सुटीच्या दिवशी कुलपात असते. उरतात त्या टेकड्या आणि नदीकाठ. परंतु पुण्याच्या वेताळ टेकडीसारख्या जागा चालणाऱ्यांच्या, पक्ष्यांच्या आणि गवताच्या आहेत. चाकांनी उकरलेली माती पहिल्याच पावसात वाहून जाते. एका घराच्या आनंदाची किंमत अशा वेळी शेजारी, पादचारी आणि टेकडी यांनी चुकती करावयाची असते. अर्थशास्त्र ज्याला बाह्य खर्च म्हणते, तो हाच. दुकानाच्या पावतीवर तो कधीच छापला जात नाही.

पावतीवरचा खर्चही तपासून पाहण्याजोगा आहे. पावसाळा वगळता वर्षातील पस्तीस आठवडे, दर आठवड्यास दोन तास, याप्रमाणे तीन वर्षांत मूल २१० तास गाडी चालवील. तेवढ्यात ते उंचीने तरी वाढेल किंवा हौसेने तरी पुढे जाईल. सत्तर हजारांची गाडी धरली, तर तासाला सुमारे ३३३ रुपये पडतात. निम्म्या किमतीला ती विकली गेली तरी १६७. हेल्मेट, गुडघ्याचे व कोपराचे पॅड आणि बूट यांचा खर्च वेगळाच, आणि त्यात काटकसर करणे म्हणजे मुलाच्या हाडांशी जुगार. याउलट तीच गाडी एखाद्या क्रीडामंडळाने घेऊन दहा मुलांना पाळीपाळीने दिली, तर तासाचा भार ३३ रुपयांवर येतो. झीज, दुरुस्ती आणि प्रशिक्षकाचे मानधन मिळवूनही तो मध्यमवर्गाला पेलण्याजोगा राहील. शिवाय कुंपणाआडचे मैदान आणि जाणत्याची नजर यांचा लाभ होईल, तो निराळाच.

तेव्हा पालकांनी दुकानाची पायरी चढण्यापूर्वी मैदानाची चौकशी करावी. ते नसेल, तर सायकल हे आजही त्या वयाचे उत्तम वाहन आहे. तोल, ब्रेक आणि वळण यांचे शिक्षण तीही देते. महानगरपालिकांनी प्रत्येक मोठ्या शहरात एखादी कुंपण घातलेली मातीची धावपट्टी क्रीडामंडळांच्या हवाली करावी आणि विक्रेत्यांनी कायद्याच्या अटी मातृभाषेत छापून ग्राहकाच्या हाती द्याव्यात. वस्तू आधी आणि व्यवस्था मागाहून, ही आपल्याकडील जुनी खोड आहे. मोठ्यांच्या वाहनांच्या बाबतीत तिची किंमत आपण रोज मोजतो आहोत. ती आता मुलांकडून वसूल होऊ नये.