एकाच पातळीचे दोनदा शुल्क

पिंपरी, भोसरी आणि चाकणच्या वाचकांची अलीकडची पत्रे एकाच तक्रारीवर येऊन थांबतात. जर्मनची विद्यापीठीय पदविका घेतलेला विद्यार्थी जर्मनीच्या व्हिसाच्या कागदपत्रांपाशी अडतो. तिथे गोएथे, टेल्क, ओएसडी किंवा टेस्टडाफचे प्रमाणपत्र मागतात. पदविकेची गुणपत्रिका कामी येत नाही. मग त्याच पातळीसाठी पुन्हा शुल्क, पुन्हा परीक्षेच्या तारखेची वाट.

पुण्यात विद्यापीठाच्या रानडे इन्स्टिट्यूटमधला जर्मनचा वर्ग जुन्या प्राध्यापकांना आता ओळखू येणार नाही. पूर्वी तिथून साहित्य, भाषांतर आणि अध्यापनाकडे वाट जाई. नव्वदीच्या मध्यात पिंपरीत टेल्कोच्या आवारात मर्सिडीज बनू लागली, २००९ मध्ये चाकणला फोक्सवॅगन आली आणि संध्याकाळच्या बाकांवर अभियंते दिसू लागले. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने बाडेन-व्युर्टेंबर्गशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. तेव्हापासून नर्स आणि इलेक्ट्रिशियनही चौकशीला येतात. पदविकेची परीक्षा मात्र जुन्याच वळणाची राहिली.

गोएथेच्या बी१ पातळीच्या परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन, संभाषण अशी चार स्वतंत्र मॉड्यूल असतात आणि प्रत्येकात १०० पैकी ६० गुण लागतात. आपल्या पदविकेच्या केंद्रांवर मात्र लेखी उत्तरपत्रिकेवर निकाल ठरतो आणि तोंडी परीक्षा उरकली जाते, असे वाचक लिहितात. विचारणा केली तर व्हिसा हा विद्यापीठाचा विषय नाही, असे उत्तर मिळते. प्रवेशाच्या दिवशी नोकरीच्या संधी सांगायच्या आणि निकालाच्या दिवशी हात झटकायचे, हे चालणार नाही. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाकडून चारही कौशल्यांची तयारी हवी असेल, तर त्याला त्या तासांचे मानधनही द्या. आणि आपल्यातले जे शिक्षक अजून जुन्याच प्रश्नपत्रिका फिरवतात, त्यांनी ते आता थांबवावे.

पदविकेतल्या या बदलासाठी जर्मनच्या एम.ए.तल्या साहित्याला कात्री लावण्याची गरज नाही. चांगला दुभाषा आणि चांगला शिक्षक तिथेच घडतो.

सभासदांना विनंती : दोनदा शुल्क भरलेल्या विद्यार्थ्यांच्या पावत्यांच्या प्रती, त्यांच्या संमतीने, आमच्याकडे पाठवा. अभ्यास मंडळाला द्यायच्या निवेदनात दोनच मागण्या आहेत : तोंडी व श्रवण परीक्षेला लेखीइतकेच गुण, आणि ही पदविका व्हिसासाठी चालत नाही ही सूचना माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर. सह्या आणि पावत्या पुढच्या अंकाआधी पोचल्या पाहिजेत.