गिरणीच्या गेटपासून मुलाखतीच्या टेबलापर्यंत

परळ-लालबागच्या तरुणाला आपल्याच वस्तीत उभ्या राहिलेल्या कचेऱ्यांत नोकरी हवी असेल, तर त्याला मुलाखतीचा उंबरठा ओलांडावा लागतो. अडचण अशी, की या उंबरठ्याची ओळख करून देणारे घरात बहुधा कोणी नसते. आजोबा गिरणीत लागले ते जॉबरच्या शब्दावर. मुंबईच्या गिरणीमालक संघाने १९३५ मध्ये बदली नियंत्रण योजना आणून भरतीवरील जॉबरची पकड सैल करण्याचा प्रयत्न केला खरा. परंतु त्यानंतरही गाववाल्याची वा नातेवाइकाची ओळख हीच मोठी पात्रता राहिली. काम साच्यावर उभे राहूनच शिकायचे असे. ‘स्वतःविषयी सांगा’ असे तेथे कोणी विचारत नव्हते.

पुढच्या पिढीला हा प्रश्न भेटला तो बँका, आयुर्विमा महामंडळ आणि एअर इंडियाच्या दारात. १९६९ च्या राष्ट्रीयीकरणानंतर बँकांच्या शाखा वाढल्या आणि गिरगाव-दादरच्या मध्यमवर्गीय घरांना कारकुनीचा भक्कम आधार मिळाला. सत्तरच्या दशकात शिवसेनेच्या स्थानीय लोकाधिकार समित्यांनी मराठी मुलांना अर्ज भरण्यापासून लेखी परीक्षा आणि मुलाखतीपर्यंत मार्गदर्शन केले. त्यामागील राजकारणाविषयी मतभेद आहेत आणि राहतील. तथापि मुलाखत ही शिकवण्याची गोष्ट आहे, केवळ नशिबाची नाही, हे या चळवळीने ओळखले होते.

गिरणगावासाठी ही जबाबदारी पुढे सरकारी नियमातही लिहिली गेली, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानात नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागोमाग थंडावल्या. त्यांच्या जमिनींच्या वापरासाठी असलेल्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ मध्ये २००१ साली बदल झाला. जमीन किती मोकळी सोडायची, यावरून वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २००६ च्या निकालाने हा बदल कायम राहिला. त्या गदारोळात एक तरतूद मागे पडली. मालकाने गिरणी स्थलांतरित केली वा दुसरा उद्योग काढला, तर १ जानेवारी २००० रोजी कामावर असलेल्या कामगाराला किंवा त्याच्या कुटुंबातील किमान एकाला प्राधान्याने नोकरी द्यावी, आणि भरतीपूर्वी उमेदवारांचे प्रशिक्षण मालकाने पूर्ण करावे, असे त्यात म्हटले होते.

तरतूद चांगली, पण तिच्यात दोन पळवाटा होत्या. उमेदवाराकडे आवश्यक पात्रता वा कौशल्य असावे, ही पहिली. दुसरी अधिक गंभीर : बंधन गिरणीमालकावर होते. जागा विकत किंवा भाड्याने घेऊन आलेल्या बँकेला, जाहिरात संस्थेला वा मॉलमधील दुकानाला ते लागू होत नव्हते. फिनिक्स आणि कमला मिलच्या आवारात नोकऱ्या आल्या, पण त्या देणारे भलतेच होते. त्यांना इंग्रजीत संभाषण हवे होते, आणि ते शिकवण्याचे बंधन कोणावरच नव्हते.

इंग्रजीचा बाऊ मात्र जरा जास्तच होतो. व्याकरणाच्या चुकीपेक्षा स्वतःच्या कामाचा हिशेब मांडता न येणे उमेदवाराला अधिक नडते. लालबाग-परळचे उदाहरण घ्या. येथील गणेशोत्सव मंडळांत वावरलेला मुलगा विशीतच गर्दीच्या रांगा लावतो, वर्गणीच्या पावत्यांचा मेळ घालतो, पालिका आणि पोलिसांच्या परवानग्यांसाठी हेलपाटे घालतो, रात्री दोन वाजता चिडलेल्या भाविकांची समजूत काढतो. कोणत्याही दुकान व्यवस्थापकाला हेच काम येणारा माणूस हवा असतो. पण बायोडेटात या सगळ्याचे ‘छंद : समाजसेवा’ होते आणि ‘स्वतःविषयी सांगा’ म्हटल्यावर नाव, गाव, शाळा एवढे सांगून मुलगा गप्प बसतो. मध्यमवर्गीय घरात जेवताना वडील नकळत शिकवतात, ते येथे कोणीतरी मुद्दाम शिकवावे लागते. दादरच्या क्लासची फी प्रत्येकाला झेपतेच असे नाही.

मुलाखतच नको, हा उपाय सरकारने काही प्रमाणात करून पाहिला. पंतप्रधानांनी १५ ऑगस्ट २०१५ च्या भाषणात तसे सूचित केले आणि १ जानेवारी २०१६ पासून केंद्राच्या कनिष्ठ पदांसाठी मुलाखती बंद झाल्या. सरकारी बँकांतील लिपिकांची निवडही लेखी परीक्षेवर होऊ लागली. त्यात राज्याची भाषा येण्याची अट मराठी मुलाच्या सोयीचीच. वशिल्याला आळा घालण्यासाठी हे योग्यच झाले. अधिकारीपदासाठी मात्र मुलाखतीला आजही २० टक्के भार आहे, म्हणजे बढतीच्या वाटेवर तोच प्रश्न पुन्हा उभा राहतो. खासगी क्षेत्राला तर हा नियम लागूच नाही.

ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने या कामगार वस्तीत रात्रशाळा आणि वाचनालये चालवली. रात्रशाळेच्या वर्गात आठवड्यातून दोन तास सराव मुलाखतींना देणे आजही फार खर्चाचे नाही. जमिनीतून नफा कमावलेल्या कंपन्यांनी सामाजिक दायित्वाच्या निधीतून त्याचा भार उचलावा, अशी मागणी कामगार संघटनांनी करायला हवी. घरांच्या मागणीइतका जोर तिला अद्याप मिळालेला नाही. नियम ५८ मधील ‘कुटुंबातील एक’ आता चाळिशीकडे झुकला आहे. बायोडेटा घेऊन जिना चढते आहे ती त्याच्या पुढची पिढी.