हप्ता भरूनही

न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या भाच्याने मध्यंतरी नोकरी बदलायचे ठरवले होते. पगार वाढणार होता, काम मनाजोगते होते. तरी त्याने बेत सोडून दिला. कारण विचारले तर म्हणाला, "मामा, तिथला विमा बरा नाही. मुलीला दमा आहे." बँकेत उमेद घालवलेल्या मला हप्ता, व्याज, तारण यांचे नवल नाही, पण विम्यापायी माणूस नोकरीला जखडला जातो, हे नवे होते.

अमेरिकेत आरोग्यविमा नोकरीला चिकटला तो युद्धामुळे. १९४२ साली सरकारने पगारवाढीवर निर्बंध घातले. माणसे टिकवायची म्हणून कारखानदारांनी विम्यासारख्या सवलती पुढे केल्या, आणि १९५४ च्या प्राप्तिकर कायद्याने त्या रकमेची करमाफी पक्की केली. तात्पुरती उभारलेली पडवीच घर होऊन बसावी, तसे झाले.

केएफएफ या संस्थेच्या २०२५ च्या पाहणीत नोकरीतून मिळणाऱ्या कौटुंबिक विम्याचा सरासरी वार्षिक हप्ता निघाला २६,९९३ डॉलर. १९९९ साली तो ५,७९१ होता. त्यातले ६,८५० कर्मचाऱ्याच्या पगारातून कापले जातात, वरचे वीस हजार मालक भरतो. भरतो म्हणायचे एवढेच! खतावणी नीट वाचली तर तोही पैसा न मिळालेल्या पगारवाढीचाच. अर्थशास्त्रज्ञही बहुतेक हेच सांगतात. नोकरी सुटली की हे उघडे पडते. १९८५ च्या 'कोब्रा' कायद्याने जुना विमा काही महिने चालू ठेवता येतो, पण मालकाच्या वाट्यासकट सगळा हप्ता स्वतः भरून, वर दोन टक्क्यांपर्यंत खर्चापोटी. पगार थांबला त्याच महिन्यात!

बरे, हप्ता भरला म्हणून सुटका नाही. आधी ठरावीक रक्कम स्वतःच्या खिशातून खर्चायची, मग विमा कंपनी हात पुढे करणार. तिला तिथे 'डिडक्टिबल' म्हणतात. नव्या वर्षात पाटी पुन्हा कोरी. त्यामुळे भाच्याच्या घरी जी तपासणी पुढे ढकलता येत नाही ती डिसेंबरातच उरकतात. शिवाय डॉक्टर कंपनीच्या यादीतला हवा. रुग्णालय यादीतले पण भूल देणारा यादीबाहेरचा, म्हणून घरी बिल आले, असे प्रकार इतके झाले की २०२२ पासून त्याविरुद्ध कायदाच लागू करावा लागला.

२०१० च्या ओबामांच्या कायद्याने जुना आजार आहे म्हणून विमा नाकारणे बंद केले, हे उपकार मोठेच. स्वतः विमा घेणाऱ्यांना २०२१ पासून वाढीव अनुदान मिळे. त्यावरून २०२५ मध्ये सरकारचे कामकाज ४३ दिवस ठप्प झाले, तरी वर्षअखेर ते अनुदान संपलेच. माझ्या मते सर्वांत चिमटा बसतो तो साठी ओलांडलेल्या, नोकरी नसलेल्या माणसाला. 'मेडिकेअर' पासष्टाव्या वर्षी मिळते. तोवर वयामुळे हप्ता चढलेला. आपल्याकडे साठी-शांत करतात, तिथे लोक पासष्टीची वाट पाहतात!

आम्ही दोघे तिकडे जातो तेव्हा रक्तदाबाच्या गोळ्या तीन महिन्यांच्या मोजून नेतो आणि प्रवाशांचा विमा काढतो. त्यात जुने आजार बहुधा धरत नाहीत. म्हणजे जे होण्याची भीती, नेमके तेच बाहेर. गेल्या खेपेला हिचा पाय मुरगळला. भाचा गाडी काढायला उठला तर ही म्हणाली, "बस खाली. हळद आहे ना घरात?"