पिंजऱ्यातली दांडी

दिवसभर उभे राहून पाय दुखले की आपण खुशाल पाय पसरून बसतो. पिंजऱ्यातल्या पक्ष्याला ती सोय नाही. तो दांडीवर बसतो आणि झोपतोही दांडीवरच. तरीही पिंजरा घेताना आपण त्याचा रंग पाहतो. दांडी मिळेल ती चालवून घेतो.

पिंजऱ्यासोबत येणारी दांडी बहुधा प्लॅस्टिकची, गुळगुळीत आणि एकसारख्या जाडीची असते. तिच्यावर बसल्याने तळव्याच्या ठरावीक जागीच सतत दाब पडतो. आधी तिथली कातडी लाल होते, मग खपली धरते आणि जंतुसंसर्ग झाला की पाय सुजतो.

यावर उपाय सोपा आहे. औषध न फवारलेल्या पेरूची फांदी आणावी, घासून धुवावी व कडक उन्हात वाळवावी. जाडी कमीजास्त असल्याने पायाची पकड बदलत राहते. बजरीगरला साधारण १ ते १.५ सें.मी., तर कॉकटीलला २ सें.मी. जाडीची फांदी पुरते. बोटांची टोके एकमेकांना टेकली, तर फांदी बारीक आहे असे समजावे. कण्हेरीची फांदी मात्र चुकूनही लावू नये. ती विषारी असते. नखे झिजावीत म्हणून दांडीला सँडपेपर गुंडाळू नये, त्याने तळवेच सोलतात.

आठवड्यातून एकदा तळवे पाहावेत. लाली दिसल्यास दांडी बदलावी. खपली किंवा सूज असल्यास पशुवैद्याला दाखवावे. पक्षी दुखणे लपवतो. ते ओळखणे आपल्याच हाती आहे.