पिल्लू साखळीला नको, कळपात वाढवा



लांडग्याच्या भीतीने आपले बरेच शेळी-मेंढीपालक सभासद धनगराच्या वाड्यावरून कुत्र्याचं पिल्लू आणतात. चांगलंच आहे. पण ते दारात साखळीला बांधायचं आणि वर्षभराने म्हणायचं, "कुत्रं शेळ्यांच्याच मागे लागतंय!" आमच्या मते दोष पिल्लाचा नाही, वाढवण्याचा आहे.

पिल्लू साधारण ३ ते १४ आठवड्यांचं असताना ज्यांच्यात राहतं, त्यांनाच आपलं मानतं. वाड्यावरची कुत्री मेंढरांत वाढतात, म्हणून मेंढरं राखतात. तेव्हा:

▪️ ८ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नका.
▪️ पहिल्या दिवसापासून गोठ्याशेजारी, जाळीआड ठेवा. शांत शेळ्यांत रोज थोडा वेळ सोडा, स्वतः जवळ थांबा.
▪️ करडांमागे धावलं की लगेच अडवा, पण मारू नका. पोरांना त्याला शेळ्यांवर 'छू' करू देऊ नका.
▪️ ३ महिन्यांचं झालं की रेबीजची लस टोचा, पुढे दरवर्षी. घरात लेकरं आहेत, हे टाळू नका.
▪️ जंताचं औषध डॉक्टरांना विचारून वेळेवर द्या. मेलेल्या मेंढीचं डोकं, आतडी कच्ची घालू नका. त्यातून कुत्र्याला जंत होतात, ते विष्ठेवाटे चाऱ्यात जातात आणि मेंढी मेंदूच्या गाठीने गोल फिरू लागते.

भरवशाचा राखणदार व्हायला दीड-दोन वर्षं लागतात. तेवढा धीर धरा. साखळीचं कुत्रं दार राखेल, कळप नाही.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी